दोन उंबऱ्यांचं घर

राघोत्तमरावांनी आयुष्यात अकरा भाड्याची घरं बदलली आणि त्या अकराही घरांत भिंतीला खिळा मारायची बंदी होती. मद्रासचं चेन्नई झालं, रस्त्यांची नावं बदलली, पण घरमालकांचं खिळ्याबद्दलचं मत काही बदललं नाही. त्यामुळे कामाक्षीबाईंनी राघवेंद्रस्वामींची तसबीर तीस वर्षं कपाटाच्या डोक्यावर टेकून ठेवली होती. मागून पाल गेली की तसबीर कलायची. बाई ती सरळ करायच्या आणि नवऱ्याकडे एकदा बघायच्या. बोलायच्या काही नाहीत. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं राघोत्तमरावांना वाटायचं.

थट्टा अशी की या गृहस्थांची उभी हयात दुसऱ्यांची घरं मोजण्यात गेली होती. एग्मोरच्या नियोजन कचेरीत त्यांचं काम एवढंच: बिल्डरने नकाशात जे दाखवलं, तेच जमिनीवर उभं आहे का हे जाऊन पाहायचं आणि पाहिलं तसं लिहायचं. बत्तीस वर्षं ऊन, धूळ, जिने आणि अर्धवट लिफ्ट. टेप न काढता नुसत्या पावलांनी खोली मोजायची त्यांना खोड लागली होती. लग्नाच्या मंडपातसुद्धा ते आधी एक फेरी मारून यायचे आणि मग पानावर बसायचे. त्यांनी कधी कुणाकडून काही घेतलं नाही. पण त्याचा तोरा नव्हता. घ्यायचं धाडस झालं नाही, असं ते स्वतःच सांगत. आता मार्चअखेर निवृत्ती होती आणि गुडघ्यांनी तीन वर्षं आधीच राजीनामा दिला होता.

ही तंजावरची मराठी माणसं. पूर्वज कधीकाळी राजांबरोबर दक्षिणेत उतरले आणि इथलेच झाले. बोलणं घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. पुण्याकडचा कुणी पाहुणा आला तर यांची मराठी ऐकून आधी हसतो, आणि हसून झाल्यावर त्याच्या लक्षात येतं की आपल्याला सगळं समजलंय.

कचेरीतल्या शेकडो नियमांपैकी राघोत्तमरावांचा जीव एकाच नियमावर होता. मोठ्या जमिनीवर इमले उठवायचे असतील, तर त्यातला दहावा हिस्सा कमी मिळकतीच्या लोकांच्या लहान घरांसाठी ठेवायचा. त्याच जागेत जमत नसेल तर जवळपास दुसऱ्या जागेवर बांधून द्यायचा. आणि शेवटी एक ओळ: दोन लहान घरं जोडून एक करता येणार नाही. बाकीच्या नियमांत किती फूट सोडायचे आणि किती मजले चढवायचे एवढंच असायचं. या एका नियमात माणसं होती. कचेरीतले लोक हसायचे. त्यांना हसू द्यायचं, असं राघोत्तमरावांनी ठरवून टाकलं होतं.

अंबत्तूरला त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी कनका इस्त्रीची गाडी लावायची. नवरा गेलेला, दोन मुली शाळेत, आणि राहायला तळ्याच्या काठाला पत्र्याची एक खोली, जिथे दर पावसाळ्यात पाणी घोट्यापर्यंत आणि सरकारी माणूस दारापर्यंत यायचा. हायवेवर एका बड्या बिल्डरचे टॉवर उठायला लागले, तेव्हा राघोत्तमराव आपण होऊन तिच्या गाडीपाशी गेले. इस्त्री बाजूला सारायला लावून त्याच फळीवर त्यांनी तिचा अर्ज लिहिला. दहा घरांमागे एक घर तुझ्यासारखीसाठी, असा नियम आहे, म्हणाले. कनकाने अंगठा दिला नाही. ती सही करायची, आणि ती तिने चांगली वळणदार केली.

सहा महिन्यांनी पत्र आलं. सर्व लहान घरांचं वाटप पूर्ण झालं आहे. कनकाने ते कुणाच्या तरी शर्टाच्या घडीत जपून ठेवलं होतं. राघोत्तमरावांनी वाचून दाखवलं.

"म्हणजे मिळणार नाही का, सार?"

"तुला नाही मिळालं. पण कुणाला तरी मिळालंय ना. तुझ्यासारखीच कुणी असेल."

कनका म्हणाली, असू दे, तिच्या तरी पोरींचे पाय कोरडे राहतील. आणि निखारे फुंकायला लागली. राघोत्तमराव घरी आले ते जवळजवळ खूष होते. एवढ्या वर्षांत एक तरी नियम कागदावरून जमिनीवर उतरला, असं त्यांना वाटलं.

त्याच सुमाराला मुलाने घर घेतलं. श्रीनिधी संगणकाच्या कंपनीत होता, सून वाणी शाळेत शिकवायची. घर घेतोय म्हटल्यावर राघोत्तमरावांनी कानांवर हात ठेवले. त्यांचा एक नेम होता: आपल्या घरच्या कुठल्याही बांधकामाच्या कागदाला हात लावायचा नाही. बिल्डरला कळायला नको की बाप नियोजन कचेरीत आहे. कळलं की तो सवलत देतो, आणि सवलत घेतली की पुढे कधीतरी ती फेडावी लागते. म्हणून त्यांनी नकाशा पाहिला नाही, करार पाहिला नाही, बिल्डरचं नावसुद्धा विचारलं नाही. दुसऱ्यांचे हजार नकाशे तपासलेल्या माणसाने आपल्याच घराचा नकाशा उघडला नाही. याला प्रामाणिकपणा म्हणायचा की खुळेपणा, हे ज्याचं त्याने ठरवावं. आमच्या मते दोन्हींत फारसं अंतर नव्हतं.

कार्तिक सरायच्या आत, धनुर्मास लागण्यापूर्वी, घाईघाईने गृहप्रवेश उरकला. भाड्याच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, मागच्या अंगाला तिमजली साधी इमारत. नाव पोन्नी निलयम. लिफ्ट नाही, पुढे बाग नाही, पण भिंती नव्या आणि आपल्या. चुलीवर दूध उतू गेलं तेव्हा कामाक्षीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी कुणाला विचारलं नाही. पदर खोचला, हातोडी घेतली आणि हॉलच्या भिंतीत खिळा ठोकला. पहिला वाकला. दुसरा बसला. तसबीर टांगून त्या दोन पावलं मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "अत्ता पाडूं दे पाहूं पालीला."

राघोत्तमरावांनी सवयीप्रमाणे घरात एक फेरी मारली. हॉलच्या मध्यावर फरशीचा एक पट्टा जरा वेगळ्या रंगाचा होता. आतल्या खोलीत भिंतीला बंद केलेली नळाची दोन तोंडं. बाहेर व्हरांड्यात दारं दोन, सात नंबर आणि आठ नंबर. आठचं दार आतून बंद आणि त्याला लावून चपलांचं कपाट.

"दोन लहान घरं होतीं, अप्पा, मधली भिंत काढूनच दिलीं," श्रीनिधी म्हणाला. "स्वस्तांत झालं."

लोक असं करतात, राघोत्तमरावांना ठाऊक होतं. साध्या इमारतीत कुणी दोन घरं घेऊन जोडली तर त्यात वाकडं काही नाही. त्यांनी मान डोलावली आणि खुर्चीवर टेकले. गुडघे दुखत होते, बायको हसत होती, आणि ते हसू त्यांनी फार दिवसांनी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून कामाक्षीबाई रांगोळी काढायला लागल्या. सातच्या दारात एक, आठच्या दारात एक. वाणीने विचारलं, "अम्मा, ते दार तर उघडतच नाहीं. तिथं कसाला?"

"उघडूं दे, नाहींतर न उघडूं दे. दार म्हणजे दार. दारासमोर कांहीं नसलं की घरांत कोण गेलंय का म्हणून लोक विचारतील." इकडे मयत झालं की त्या दिवशी दारात रांगोळी नसते, हे सगळ्यांना माहीत. तेव्हा रोज दोन रांगोळ्या. धनुर्मास लागल्यावर तर अंधारात उठून, फरशी पुसून, ठिपके मांडून मोठ्या मोठ्या काढायच्या आणि दोन्हींच्या मध्यावर शेणाच्या गोळ्यात खोवलेलं भोपळ्याचं पिवळं फूल.

असे दहा-बारा दिवस गेले. मग एका गुरुवारी राममूर्तींनी राघोत्तमरावांना बोलावलं. राममूर्ती म्हणजे त्यांचे वरिष्ठ. वयाने लहान, वाईट माणूस नव्हे, पण प्रत्येक फाइल गरम भांड्यासारखी धरायचे आणि दुसऱ्याच्या हातात द्यायची घाई करायचे. हायवेवरच्या टॉवरची फाइल होती. काम पूर्ण झाल्याचा दाखला हवा होता. अट एकच राहिली होती: चोवीस लहान घरं बांधून चोवीस गरजू कुटुंबांना दिली, हे प्रत्यक्ष पाहून लिहायचं.

"ती घरं टॉवरच्या आवारात नाहीत. जवळ कुठेतरी बांधलीत," राममूर्ती म्हणाले. "आज तुम्ही पाहून या. उद्या सकाळी मीही येतो, तिथेच सह्या करून टाकू. वरून सारखे फोन येताहेत."

राघोत्तमराव आनंदाने निघाले, हे सांगायलाच हवं. कनकाच्या ऐवजी ज्या कुणाला घर मिळालं तिला पाहायचं त्यांच्या मनात होतं. लोकलने अंबत्तूरला उतरून त्यांनी रिक्षा केली आणि सर्व्हे नंबरच्या नकाशावर बोट ठेवून ड्रायव्हरला वळणं सांगायला लागले. डावीकडे. देवळाच्या मागून. आता उजवीकडे. तिसऱ्या वळणाला त्यांना वाटलं, हा रस्ता आपल्या पायांखालचा आहे. चौथ्या वळणाला कनकाची इस्त्रीची गाडी दिसली. रिक्षा थांबली ती पोन्नी निलयमच्या फाटकाशी.

त्यांनी नकाशा उलटा धरून पाहिला. मग सुलटा धरला. भाडं देऊन रिक्षा गेल्यावरही ते तिथेच उभे राहिले.

मग फाइल काखेत मारून ते जिना चढले. एकेक मजला, एकेक व्हरांडा. या इमारतीत ते रोज जात-येत होते, पण आज पहिल्यांदा मोजत होते. दारं चोवीस. रांगोळ्या तेरा. चुकलं असेल म्हणून पुन्हा खालपासून मोजलं. तेराच. शेजारी राहायचे ते कुणी बँकेतले, कुणी कंपनीतले, एक दातांचा डॉक्टर. प्रत्येकाला दारं दोन आणि रांगोळी एक. बंद दारासमोर कुणी चपलांचा रॅक ठेवला होता, कुणी सायकल. घरात जेवढ्या बायका तेवढ्या रांगोळ्या नसतात. घर एक तर रांगोळी एक. अकरा घरांच्या अकरा रांगोळ्या, आणि बाराव्या घराच्या, त्यांच्या स्वतःच्या घराच्या, दोन.

चोवीस कुटुंबांची बारा झाली होती आणि त्या बारांत एकही कनका नव्हती. सगळ्या इमारतीत नियमाला धरून आहे असं दिसणारं घर एकच होतं, आणि ते त्यांचं. राघोत्तमराव आपल्या व्हरांड्याच्या तोंडाशी पायरीवर बसले. त्यांना राग यायला हवा होता, पण रागालासुद्धा अंगात थोडी ताकद लागते.

तिथेच त्यांना वसंतरावांनी गाठलं. वसंतराव बिल्डरचे मॅनेजर, आणि तंजावरचेच. कुठल्याशा चुलत नात्याने कामाक्षीबाईंचे भाऊ लागायचे. लुंगीसारखी पांढरी वेष्टी, कपाळाला नाम आणि गोड बोलणं.

"अय्यो भावजी, तुमचीच कचेरी पाठवील म्हणून ठाऊक नव्हतं मला. आपली माणसं म्हणून श्रीनिधीला पहिल्यांदा सांगट्लों मी. एक घर त्याच्या नांवावर, एक वाणीच्या. मिळकतीचे दाखले सगळे बरोबर आहेत, कागद पाहूं शकतांत."

"माझ्या मुलाची मिळकत किती आहे, हें मला ठाऊक आहे, वसंतराव."

"कागदावर म्हणट्लों." वसंतराव शेजारी बसले. मग आठच्या दाराकडे पाहून त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अक्कानं कसं बरान केलंय पाहा! दोन दारं, दोन रंगोळ्या. हें बाकीच्या बायकांना सुचलंच नाहीं. मी अत्ताच सगळ्या घरांत सांगतों. उद्या तुमचे साहेब येतील तेव्हां चोवीस दारांत चोवीस रंगोळ्या. कोणाला आंत शिरून पाहायला वेळ आहे? तुम्ही नुसतं चोवीस म्हणून लिहा. सरि?"

राघोत्तमराव फाइलचा बंद आवळत राहिले. वसंतरावांनी ते होकारार्थी धरलं. जन्मभर तेच त्यांचं कसब होतं.

संध्याकाळी श्रीनिधी कामावरून आल्यावर बापाने विचारलं, तुला माहीत होतं का? श्रीनिधी बराच वेळ मोजे काढत राहिला.

"थोडं ठाऊक होतं," तो म्हणाला. "सगळे घेतायत, अप्पा. मी नाहीं घेतलं तर दुसरा कोणी घेईल. त्या इस्त्रीवालीला देणार होते काय ते? तुम्ही अकरा घरं फिरलांत, अम्मा अकरा घरं फिरली. मला बाराव्या भाड्याच्या घरांत नक्को होतं तिला न्यायला."

मुलगा लबाड असता तर सोपं झालं असतं. मुलगा आईसाठी चुकला होता.

जेवताना त्यांनी कामाक्षीबाईंना सगळं सांगितलं. लपवायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि इतक्या जुन्या संसारात लपतही नाही. घर कुणासाठी होतं, कनकाचा अर्ज, ते पत्र, फरशीतला पट्टा, सगळं. बाई पानावर ताकाचं मोरकुळंबू वाढत होत्या. वाढतच राहिल्या.

"लिहिलांत तर काय होईल?" त्यांनी विचारलं.

"भिंत पुन्हां घालावी लागेल. घरं परत जातील. आपल्याला उठावं लागेल."

"आणि चोवीस म्हणून लिहिलांत तर?"

"कांहीं होणार नाहीं. मी मार्चमध्यें घरीं बसेन. इथंच."

कामाक्षीबाईंनी एकदा भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहिलं आणि ताटं उचलली.

अंथरुणावर पडल्या पडल्या राघोत्तमरावांनी ठरवून टाकलं. चोवीस लिहायचं. बत्तीस वर्षं खरं लिहून काय झालं? शहर सुधारलं नाही, कनकाला घर मिळालं नाही. मिळाला तो गुडघ्यांचा आजार आणि ‘अडेलतट्टू’ हे नाव. एका खोट्या आकड्याने बायकोला शेवटपर्यंत आपली भिंत मिळेल. ती भिंत कुणी तिच्याकडे परत मागणार नाही. त्यांना फार शरम वाटली आणि झोपही लागली. थकलेल्या माणसाला दोन्ही एकदम येऊ शकतात.

सकाळी राममूर्ती गाडीतून उतरले तेव्हा ऊन नुकतं व्हरांड्यात शिरत होतं. वसंतराव फाटकाशी हजर होते. जिना चढताना राघोत्तमरावांनी पाहिलं, आणि त्यांना हसावं की तोंड लपवावं ते कळेना. चोवीसच्या चोवीस दारांत रांगोळ्या होत्या. चपलांचे रॅक नाहीसे झाले होते, सायकली खाली गेल्या होत्या. दातांच्या डॉक्टरच्या बायकोने दुसऱ्या दारात घाईने काढलेली कमळं एका बाजूला कलली होती, आणि बँकेतल्या बाईंनी तर बाजारचा छाप मारला होता. राममूर्ती मोजत गेले आणि त्यांचा जीव हळूहळू भांड्यात पडत गेला.

"छान," ते म्हणाले. "चांगली राखलीय हो इमारत या लोकांनी."

राघोत्तमरावांचा व्हरांडा वसंतरावांनी शेवटाला ठेवला होता. सातच्या दारात कामाक्षीबाई उभ्या होत्या. दोन्ही रांगोळ्या रोजच्यासारख्या मोठ्या आणि रेखीव, मध्यावर फुलं. राममूर्ती म्हणाले, "चोवीस. बरोबर. करा सही, सार." राघोत्तमरावांनी फाइल कठड्यावर ठेवली, चष्मा चढवला आणि पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात जिन्यातून कनका वर आली. डोक्यावर इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं. शुक्रवारी ती आणून द्यायची. व्हरांडा अरुंद, त्यात साहेब उभे. म्हणून तिला आठच्या दारावरून यावं लागलं. तिने एका हाताने गाठोडं सावरलं, दुसऱ्याने साडी घोट्यावर उचलली आणि भिंतीला अंग घासत, रांगोळीच्या एकाही रेघेला पाय लागू नये म्हणून टाचा उचलून, आठच्या उंबऱ्यासमोरून पलीकडे आली.

गाठोडं कामाक्षीबाईंच्या हातात देऊन ती हसली. "अम्मा, किती सुंदर काढता हो. ज्या घराला दोन दारं, तिथे लक्ष्मी दोनदा येते. माझ्या पोरींना दाखवायला आणीन एकदा."

"आण," कामाक्षीबाई म्हणाल्या.

गाठोडं त्यांनी आत ठेवलं. बाहेर आल्या तेव्हा हातात पाण्याची बादली आणि झाडू होता. राघोत्तमरावांना वाटलं, कुणी काही सांडलं असावं. बाई आठच्या दारासमोर गेल्या. गुडघ्यावर हात टेकून खाली बसल्या, रांगोळीतलं भोपळ्याचं फूल आधी उचलून बाजूला ठेवलं, शेणाचा गोळा उचलला. मग उभ्या राहिल्या आणि बादली ओतली. पांढरं पाणी व्हरांड्याभर पसरलं. त्यांनी झाडूने ते एकदा, दोनदा, तीनदा ओढलं. फरशी नुसती ओली राहिली.

"अक्का!" वसंतराव ओरडले. "हें काय करतांत? आपल्या माणसाचं घर आहे!"

"तेंच पुसलें," कामाक्षीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता आणि त्यांनी तो कापू दिला. मग त्या राममूर्तींकडे वळल्या आणि त्यांना कळावं म्हणून तमिळमध्ये म्हणाल्या, "या दाराच्या आत दुसरं घर नाही. आत येऊन पाहा. मधली भिंत पाडलीय. रांगोळी मी खोटी काढत होते. मला माहीत नव्हतं. कालपासून माहीत आहे, तरी आज काढली."

राममूर्तींच्या हातात फाइल नव्हती, तरी त्यांचे हात पोळल्यासारखे मागे गेले. वरून येणारे फोन, खालून बघणाऱ्या शेजारणी, सगळं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. कनका जिन्याच्या तोंडाशी थांबली होती. आठ नंबरच्या दाराकडे आणि मग राघोत्तमरावांकडे तिने पाहिलं. तिला आधी समजलं नव्हतं आणि मग समजलं, हे राघोत्तमरावांना दिसलं, आणि त्यांनी मान खाली घातली. तुझ्यासारखीच कुणी असेल, असं ते तिला म्हणाले होते.

"राघोत्तम सार," राममूर्ती हळूच म्हणाले, "हे तुमचं घर आहे?"

"हो."

"मग विचार करा. तुम्ही लिहिलंत तर मला वर पाठवावंच लागेल."

कामाक्षीबाईंनी बादली पालथी घालून ठेवली. पदराला हात पुसले. आत भिंतीवर तसबीर होती, तिच्याकडे त्यांनी या खेपेला पाहिलं नाही. नवऱ्याकडे पाहिलं. नेहमी कपाटाकडून त्याच्याकडे वळायची ती नजर नव्हती ही. तिच्यात मागणं काही नव्हतं, आणि तेच राघोत्तमरावांना सोसलं नाही. त्यांच्या डोळ्यांना धार लागली. फाइल ओली होऊ नये म्हणून त्यांनी ती छातीपासून लांब धरली.

"अत्ता मोजा," कामाक्षीबाई म्हणाल्या.

राघोत्तमरावांनी चष्मा पुसला. फाइल पुन्हा कठड्यावर ठेवली आणि पहिली ओळ लिहिली. दार नंबर सात व आठ. घर एक. राहणारे: खाली सही करणाऱ्याचं कुटुंब. मग ते जिन्याकडे वळले आणि गुडघ्यावर हात ठेवून, पहिल्या मजल्यापासून एकेक दार ठोठावायला निघाले.